टॉवर आवडला नाही, हे सभेत कसं सांगू?

पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या बाई 57 वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. दादर पूर्वेला, 1940च्या आसपास बांधलेल्या तीन मजली इमारतीत त्या लग्न होऊन आल्या, त्याला 33 वर्षं झाली. शेजारच्या दोन सोसायट्यांसोबत पुनर्विकास ठरला आहे आणि त्याला त्यांचा विरोध नाही. गेल्या महिन्यात विकासकाने 42 मजली आलिशान टॉवरचं सादरीकरण केलं. जमिनीपासून छतापर्यंत काच, वर तरणतलाव, खाली संगमरवरी लॉबी. जुन्या सभासदांची घरं खालच्या मजल्यांवर, पश्चिमेला, आणि त्यांची लॉबी वेगळी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंना मात्र ती इमारत परकी वाटली. एकाही खिडकीला छज्जा नव्हता, स्वयंपाकघराची खिडकी कुठे उघडते ते कळलं नाही. कपडे कुठे वाळत घालायचे असं विचारल्यावर ‘ड्रायर घ्या’ असं उत्तर आलं. गॅलरीबद्दल विचारलं तर ‘तेवढा हॉल मोठा मिळतोय’ असं. मुलगा म्हणतो, ‘आई, तुला आर्किटेक्चरमधलं काय कळतं?’ शेजारी म्हणतात, ‘धर्माची गाय आणि दात का नाय.’ 86 वर्षांचे सासरे रोज संध्याकाळी गॅलरीत बसतात. त्यांनी एवढंच विचारलं, ‘माझी खुर्ची कुठे येईल?’ करार अजून झालेला नाही. सभा तीन आठवड्यांवर आहे. ‘सभेत बोलू, की हा माझा जुनाट हट्ट आहे?’

---

ताई,

इमारत परकी वाटली असं तुम्ही लिहिलंत आणि पुढच्याच ओळीत ‘माझंच चुकत असेल’ असंही लिहिलंत. बोलायचं की नाही हा तुमचा प्रश्न या दोन ओळींच्या मधे अडकलाय.

आधी शेजाऱ्यांची म्हण. ती इथे लागूच पडत नाही, कारण गाय धर्माची नाही. जमीन तुमच्या तिन्ही सोसायट्यांची आहे. तिच्यावर जेवढं बांधायला परवानगी मिळते, त्यातला एक भाग तुम्हाला घरं म्हणून मिळणार. उरलेला विकून विकासक खर्च आणि नफा काढणार. हा उघड व्यवहार आहे. विकासकाने तुमच्यावर उपकार केलेले नाहीत, आणि नफा काढतो म्हणून तो गुन्हेगारही ठरत नाही. भाजी घेतानासुद्धा आपण जुडी सोडून बघतो. इथे तर पुढच्या दोन पिढ्यांचं घर आहे.

मुलाचं म्हणणं वेगळं आहे आणि त्याच्यापाशी जरा थांबायला हवं. त्याच्या लेखी डिझाइन म्हणजे दिसणं, दिसणं म्हणजे आवड, आणि आवड ज्याची त्याची. तुम्हीही हेच धरून चाललात, म्हणून तुम्हाला तुमचं मत जुनाट वाटायला लागलं. पण तुमच्या पत्रातल्या तक्रारी एकदा परत वाचा. छज्जा नाही. स्वयंपाकघरातला धूर कुठे जाणार ते कळत नाही. ओले कपडे कुठे घालायचे ते ठरलेलं नाही. म्हाताऱ्या माणसाला बाहेरच्या हवेत बसायला जागा नाही. यात आवडीनिवडीचं काय आहे? इमारत निळी की करडी, टोकदार की सपाट, याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही. तुम्ही ऊन, पाऊस, धूर आणि वारा यांच्याबद्दल विचारलंत. इमारतीच्या डिझाइनचा गाभा हाच असतो. मी बरीच वर्षं नकाशे काढले आहेत, आणि नुसती नजर फिरवून हे चार प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक मला फार कमी वेळा भेटलं.

शिवाय त्या जागेवर तुम्ही 33 वर्षं राहिलात. मे महिन्यात दुपारी चारला ऊन कुठल्या भिंतीवर असतं, जुलैत पाऊस कुठल्या फटीतून आत येतो, संध्याकाळी वारा कुठून सुटतो, हे तुम्हाला तोंडपाठ आहे. सादरीकरणातलं चित्र ज्याने संगणकावर केलं, तो कदाचित त्या गल्लीत कधी आलाही नसेल. त्या चित्रांत आकाश कायम संध्याकाळचं निळं असतं आणि शेजारच्या इमारती धूसर. पाऊस मी तरी अशा चित्रात अजून पाहिलेला नाही.

आता पश्चिमेच्या काचेबद्दल. मला सगळ्यांत जास्त काळजी तिचीच वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुंबई 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो. उंचावरून येणारं ऊन अडवायला दोन फुटांचा छज्जा पुरतो. पश्चिमेचं ऊन वेगळं. चार वाजता ते तिरकं होऊन थेट खोलीत शिरतं, पलंगापर्यंत पोचतं. त्याला आडवा छज्जा पुरत नाही. तिथे खोल गॅलरी हवी, नाहीतर खिडकीला उभ्या पट्ट्या हव्यात, नाहीतर मुळात काचच कमी हवी. काचेचा गुण असा की ती ऊन आत घेते आणि आतल्या तापलेल्या वस्तूंची उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही. गाडी उन्हात उभी केल्यावर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. लेप दिलेल्या, दुहेरी काचेने हे बरंच कमी होतं. पण प्रचारपत्रकात नुसतं ‘उच्च प्रतीची काच’ लिहिलेलं असतं आणि त्या शब्दांत काहीही बसतं.

म्हणून आकडे मागा. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने 2018 मध्ये घरांच्या इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ काढली. मुंबईसारख्या दमट, उष्ण हवेसाठी तिच्यात दोन साधे मापदंड आहेत. एक, छत सोडून बाहेरच्या भिंती-खिडक्यांमधून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला 15 वॅटच्या आत असावी. दोन, उघडता येणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्रफळ घराच्या चटई क्षेत्राच्या साधारण एक षष्ठांश असावं. ‘उघडता येणाऱ्या’ या शब्दांखाली रेघ मारा. सरकती खिडकी कितीही मोठी असली तरी उघडते निम्मीच. जमिनीपासून छतापर्यंत काच आणि तिच्यात एक बारीक झडप, असं असेल तर उजेड भरपूर मिळेल, हवा मिळणार नाही. आर्किटेक्टला विचारा, ‘आमच्या घरासाठी हे दोन आकडे किती येतात?’ चांगला आर्किटेक्ट या प्रश्नाने चिडत नाही. उलट त्याला विकासकाशी बोलायला एक आधार मिळतो.

आलिशान टॉवर म्हटलं की काचच हवी, असं कुणी म्हणालं तर कंबाला हिलवरच्या कांचनजंगाचं नाव सांगा. चार्ल्स कोरिया यांनी 1970च्या दशकात आखलेली ही इमारत 1983 मध्ये पुरी झाली. 28 मजले, 84 मीटर उंची, आणि घरं फक्त 32. तेव्हाही ती श्रीमंतांचीच इमारत होती. मुंबईत समुद्राचा वारा आणि समुद्र दोन्ही पश्चिमेला आणि दुपारचं ऊन, झोडपणारा पाऊसही त्याच बाजूने, हा पेच कोरियांसमोर होता. जुन्या बंगल्यांनी तो भोवती व्हरांडा फिरवून सोडवला होता. कोरियांनी तोच व्हरांडा उचलून वर नेला. घरांच्या कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या कोरून काढल्या. खोल्या त्या गच्च्यांच्या आड बसल्या, त्यामुळे ऊन-पाऊस बाहेरच थांबतो आणि वारा मात्र घर ओलांडून जातो. म्हणजे तुमच्या सासऱ्यांची गॅलरी कुणी गावठी म्हणू नये. या शहरातल्या सगळ्यांत नावाजलेल्या उंच इमारतीचं डिझाइन तिच्यावरच उभं आहे.

‘मग आम्हाला गॅलरी का नाही?’ याचं उत्तर बरंचसं नियमांत आहे. 2012च्या जानेवारीपर्यंत मुंबईत फ्लॉवर बेड, कोनाडे, शोभेचे पुढे आलेले भाग एफएसआयमध्ये, म्हणजे जमिनीच्या प्रमाणात किती बांधता येतं त्या हिशेबात, धरत नसत. बाल्कनीलाही सवलती होत्या. ते सगळं बांधायचं, मग घरात मिसळून विकायचं, असा प्रकार सर्रास चालला होता. तो थांबवायला नियम बदलला. हे भाग मोजले जाऊ लागले आणि बदल्यात निवासी इमारतींना 35 टक्के जादा, म्हणजे ‘फंजिबल’ एफएसआय प्रीमियम (शुल्क) घेऊन मिळू लागला. बदलामागचा हेतू चांगला होता, पण तेव्हापासून गॅलरीचा प्रत्येक फूट खोलीच्या फुटाशी भांडतो, आणि प्रचारपत्रकात हॉलचा आकडा मोठा दिसलेला विकासकाला बरा वाटतो. हे कळलं की तुमच्या हातात एक नेमकी मागणी येते. ‘हॉल 40 चौरस फुटांनी लहान करा, तेवढी गॅलरी द्या.’ यात विकासकाचं क्षेत्रफळ वाढत नाही. तो कदाचित नाही म्हणेल, पण मग त्याला कारण सांगावं लागेल.

आता तुम्हाला थोडं टोचेल असं काही.

तुमच्या पत्रात जुन्या इमारतीच्या गोलसर गॅलऱ्या आहेत, जिन्याची लाकडी कठड्यावरची गुळगुळीत मूठ आहे, दारातला बकुळ आहे. आणि अगदी शेवटी, एका ओळीत, सासरे दीड वर्षात खाली उतरलेले नाहीत हेही आहे. लिफ्ट नाही म्हणून. दोन पावसाळ्यांपूर्वी बेडरूमच्या छताचा पापुद्रा पडला, तेही आहे. ज्या इमारतीत तुम्ही सून म्हणून आलात ती जाणार, याचं दुःख मोठं आहे आणि ते होणारच. पण ते नव्या नकाशातल्या चुकांमध्ये मिसळू देऊ नका. सभेत दोन्ही एकदम बोललात तर लोक पहिलं ऐकतील, हळहळतील, आणि दुसऱ्याला ‘त्यांचा जीव अडकलाय हो’ म्हणून बाजूला सारतील. दुःखासाठी वेगळी जागा करा. इमारतीचे फोटो काढा, बकुळीच्या बिया गोळा करा, जिन्याची मूठ पाडकामाआधी मागून घ्या. आणि नकाशाचे प्रश्न वेगळ्या कागदावर लिहा. एकेका मुद्द्यापुढे स्वतःला विचारा, ‘हे जुन्यासारखं नाही म्हणून खटकतंय, की तिथे राहताना त्रास होईल म्हणून?’ फक्त दुसऱ्या प्रकारचे मुद्दे सभेत न्या.

उंचीबद्दलही हेच. 42 मजले तुम्हाला राक्षसी वाटले. तुमचं दादर-माटुंगा ज्यांनी आखलं त्यांनाही वाटले असते. 1896च्या प्लेगनंतर, 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट वस्त्यांमधून लोकांना हवा-उजेडात आणावं म्हणून त्याने हा भाग वसवायला घेतला. खालच्या खोलीतही उजेड पोचावा म्हणून ट्रस्टच्या काळात साडेत्रेसष्ट अंशांचा नियम होता. त्याचा सोपा अर्थ असा की समोरची इमारत जेवढी उंच, तिच्या निम्म्याइतकं तरी अंतर मधे मोकळं हवं. आज 140 मीटरच्या टॉवरपुढे 70 मीटर कोण सोडणार? उलट नियमाने सोडायच्या मोकळ्या जागेतली तूटसुद्धा प्रीमियम भरून माफ करून घेता येते. उंची तुम्ही थांबवू शकणार नाही, आणि एवढ्या सभासदांना घरं देऊन हा प्रकल्प पेलायचा तर ती लागणारच असेल. पण तीन बाजूंना किती मीटर मोकळं सुटणार, त्यात किती सूट मागितली आहे आणि शेजारच्या प्लॉटवर उद्या एवढाच टॉवर आला तर तुमच्या बाराव्या मजल्यावर उजेड किती उरेल, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. शेजारी आज तीन मजली इमारत आहे म्हणून चित्रात समुद्रापर्यंत दिसतं. तीही इमारत तुमच्याइतकीच जुनी असणार.

विकासकाची बाजूही समजून घ्या, कारण त्याशिवाय तुमचं बोलणं पोचणार नाही. वरच्या मजल्यांवरची घरं विकली गेली नाहीत तर बांधकाम चालू असताना विकासक तुम्हाला देतो ते भाडं थांबेल आणि काम अर्धवट राहील. मुंबईत अशी घराबाहेर अडकलेली कुटुंबं सगळ्यांनी पाहिली आहेत. काच, तलाव, लॉबी हे सगळं वरची घरं घेणाऱ्या गिऱ्हाइकासाठी आहे, आणि तेच तुमच्या घराचा खर्च उचलतं. म्हणून ‘तलाव नको’ असं म्हणू नका. ‘तलावाचा देखभाल खर्च कोण देणार?’ असं विचारा. मासिक देखभाल दर चौरस फुटाला 12 रुपये धरली तर 700 फुटांच्या घराला महिन्याला 8,400 रुपये होतात. निवृत्तिवेतनावरच्या माणसाला हा आकडा आज कळायला हवा, ताबा घेताना नाही. तुमचा कॉर्पस निधी (विकासक सभासदांना एकदाच देतो ती रक्कम) किती, त्याच्या व्याजातून यातलं किती भागेल, आणि वरच्यांच्या सुविधांचा खर्च त्यांच्याकडूनच वेगळा घेतला जाईल का, हे तिन्ही लेखी मागा.

आणि वेगळी लॉबी. माझं मत विचाराल तर ती मला आवडत नाही. एकाच जमिनीवर, एकाच नावाच्या इमारतीत, जमीन ज्यांची त्यांनी मागच्या दाराने आत जायचं, हे मनाला लागतं, आणि तुम्हाला लागलं याचं मला नवल वाटत नाही. पण काही सोसायट्यांनी हे समजून-उमजून स्वीकारलंय, कारण वेगळी लॉबी म्हणजे वेगळा, कमी खर्च. हा निर्णय रागाने करू नका. आधी बघा, तुमच्या लॉबीत स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट आहे का? लिफ्ट किती, घरं किती? एक बंद पडली तर दुसरी आहे ना? रस्त्यापासून लिफ्टपर्यंत उतार आहे की पायऱ्या? तळमजल्यावर गाड्यांच्या वळणातून चालत जावं लागतं का? हे सगळं नीट असेल तर संगमरवर नसला तरी चालेल. हे नीट नसेल तर मात्र अडून बसा.

नकाशा हातात आल्यावर काय बघायचं तेही सांगतो. तुमच्यासारख्या अनेकांना ते उपयोगी पडेल.

प्रचारपत्रकातला फर्निचर मांडलेला नकाशा बाजूला ठेवा. त्यातला पलंग बऱ्याचदा खऱ्या पलंगापेक्षा लहान काढलेला असतो. मापं लिहिलेला, फर्निचर नसलेला नकाशा मागा. मग एका संध्याकाळी तुमच्या गच्चीवर जा आणि खडूने तुमचं नवं घर खऱ्या मापात आखा. भिंती, दारं, खिडक्या, ओटा, सगळं. मुलाला सोबत घ्या. तो दोरी धरेल, आणि तासाभराने त्याचा सूर बदललेला तुम्हाला दिसेल. स्वयंपाकघरात दोघी उभ्या राहू शकतात का, फ्रीजचं दार पूर्ण उघडतं का, देवघर कुठे, धुण्याचं यंत्र कुठे आणि दोरी कुठे, हे सगळं खडूच्या रेषांत उभं राहून कळतं. पडद्यावर कधीच कळत नाही. धुण्याचं तर मी आग्रहाने सांगेन. मुंबईच्या जुलैत चार माणसांचे कपडे घरात वाळवून बघितलेल्या कुठल्याही बाईला ‘ड्रायर घ्या’ हे उत्तर पटणार नाही. ड्राय बाल्कनी मागा आणि एसीची बाहेरची यंत्रं तिच्यात घुसवलेली नाहीत ना ते बघा.

भिंती कशाच्या, हे विचारायला लोक विसरतात. हल्ली उंच इमारती बऱ्याचदा मायव्हान पद्धतीने, अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत बांधतात. काम लवकर होतं, भिंती सरळ येतात. पण आतल्या भिंतीही काँक्रीटच्या होतात आणि इमारतीचा भार पेलतात. जुन्या घरात तुम्ही मधली भिंत काढून दोन खोल्यांची एक केली होती ना? इथे ते कधीच करता येणार नाही. खिळा ठोकायलासुद्धा ड्रिल लागेल. म्हणजे जो काही बदल हवा तो आत्ता, कागदावर.

किती मजल्यांचं पार्किंग पोडियम आहे तेही बघा. आठ मजले गाड्यांचे असतील तर ‘तिसरा मजला’ खरं तर अकरावा असतो. त्याने लिफ्टवरचं अवलंबन बदलतं. रस्त्यावरून बघितलं तर या आठ मजल्यांत माणूस दिसत नाही, खिडकी दिसत नाही, आणि संध्याकाळी त्या गल्लीतून चालणाऱ्या मुलींना तो फरक जाणवतो. तळमजल्यावर रस्त्याकडे तोंड करून वाचनालय, सोसायटीचं कार्यालय, दोन दुकानं, काहीतरी माणसांचं ठेवा म्हणावं. आणि आगीच्या वेळचं: उंच इमारतीत साधारण दर सात मजल्यांनी रेफ्युज म्हणजे आसऱ्याचा मोकळा भाग सोडावा लागतो. तुमच्या मजल्यापासून तो किती खाली आहे ते नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगा.

हे सगळं तोंडी मिळालं तर मिळालं नाही असं समजा. राज्य सरकारने सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79(अ) खाली 4 जुलै 2019 रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीने स्वतःचा आर्किटेक्ट किंवा प्रकल्प सल्लागार नेमायचा असतो. तो तुमचा माणूस आहे, विकासकाचा नाही. सभासदांच्या लेखी सूचना घ्यायच्या असतात. सभा होण्याआधी तुमची प्रश्नांची यादी सचिवांकडे द्या आणि पोच घ्या. एक गोष्ट अनेकांना माहीत नसते: महारेराचं, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता प्राधिकरणाचं, संरक्षण मुख्यतः विक्रीच्या घरांच्या गिऱ्हाइकांसाठी आहे. तुमच्यासारख्या जुन्या सभासदाचा खरा आधार म्हणजे विकास करारनामा आणि तुमच्या नावाचा कायमस्वरूपी पर्यायी घराचा करार. म्हणून मजल्याचा नकाशा, खिडक्यांची मापं, काचेचा प्रकार, लिफ्टची संख्या, मजल्याची उंची, हे सगळं सह्यांसह त्या करारांना जोडून घ्या. ‘विकासकाच्या विवेकाधीन बदल करता येतील’ असं कलम असेल तर वकिलाकडून ते काढून घ्या किंवा ‘सभासदाच्या लेखी संमतीने’ असं करून घ्या. पालिकेकडून आयओडी, म्हणजे नकाशांना पहिली मंजुरी, मिळाल्यावर खिडकी हलवणं म्हणजे सगळा कारभार पुन्हा. आज ती एका पेन्सिलीच्या रेघेने हलते.

असाच टॉवर विकत घेणारे वाचक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी दोन ओळी. 2016च्या रेरा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे तुमच्या घरात बदल करायला तुमची संमती लागते. संपूर्ण इमारतीच्या किंवा सामायिक जागांच्या आराखड्यात बदल करायला दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. संमतीचा कागद समोर येतो तेव्हा बहुतेक जण न वाचता सही करतात. ती सही करू नका. आणि नमुना घर बघायला सकाळी अकराला नको, दुपारी चारला जा, एसी बंद करायला सांगा आणि दहा मिनिटं बसा.

सभेत कसं बोलायचं? एकट्याने उभं राहू नका. तुमच्यासारखं वाटणाऱ्या पाच-सहा जणी नक्की आहेत. टाळ्या वाजवणाऱ्यांतही असतील. त्यांना गच्चीवरच्या खडूच्या घरात बोलवा. मग सभेत पहिलं वाक्य असं म्हणा: ‘पुनर्विकासाला माझी संमती आहे, ती कायम आहे.’ ते आधी म्हणून टाकलंत की खोडा घालणारी हा शिक्का बसत नाही. त्यानंतर इमारत कशी दिसते यावर एक शब्द नको. फक्त प्रश्न विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवायला सांगा. सातपेक्षा जास्त प्रश्न नेऊ नका, सभा दमते. सातापैकी चार मान्य झाले तर सभा चांगली गेली म्हणायची. गॅलरी मिळाली नाही आणि खिडक्या नीट झाल्या, तर मी तुमच्या जागी सही करेन. खिडक्याही तशाच राहिल्या, पश्चिमेची काच तशीच राहिली आणि उत्तर फक्त ‘एसी लावा’ असलं, तर मी करार पुढच्या सभेपर्यंत लांबवायची मागणी करेन. आणखी महिनाभर या गळक्या घरात काढणं चालेल.

एक काम सभेआधीच करा. सासऱ्यांना गच्चीवर न्या. जिने चढवत नसतील तर सोसायटीतल्या दोन मुलांना सांगा, खुर्चीसकट उचलून नेतील. संध्याकाळी पाचला, खडूच्या हॉलमधे, पश्चिमेच्या काचेपाशी ती खुर्ची ठेवा. तिथे त्यांना अर्धा तास बसू द्या. नंतर ते जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि सचिवांना द्यायच्या यादीत पहिल्या क्रमांकावर घाला.